न वाजणारं पाकीट

काच फोडायला अक्कल लागत नाही, हातातून सुटली की फुटते. पण आपल्या हातून धडधाकट सुटलेली काच समुद्रापलीकडे पोचेपर्यंत आपोआप फुटावी, तिचा आवाजही इथे कुणाला येऊ नये, याला डोकं लागतं. ते मला आहे. फुशारकी मारत नाही. बरं, थोडी मारते. एवढी वर्षं पाकिटं बांधली, कौतुक करायला या घरात कोण बसलंय?

आमच्या घरात डोळे बनतात. दचकू नका, बाहुल्यांचे. माझी नणंद बनवते. नवऱ्याची धाकटी बहीण, वय बेचाळीस, लग्न केलं नाही. घरात सगळे तिला बारकी म्हणतात आणि ती अजून त्या हाकेला ओ देते. मधल्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल आहे, टेबलावर गॅसची बत्ती, आणि डब्यांत उभ्या ठेवलेल्या काचेच्या कांड्या. पांढऱ्या, काळ्या, तपकिरी, आणि निळ्याच्या तर बारा तऱ्हा. पांढरी कांडी ज्योतीत मऊ करायची, फुंकून वाटाण्याएवढा फुगा करायचा, त्यावर निळ्या काचेचे केसासारखे धागे ओढायचे, मध्ये काळा ठिपका. एक डोळा कुणालाही जमेल. त्याचा जोडीदार जमवायला हात लागतो, आणि बारकीचा हात तसा होता.

डोळा झाला की तो गरम राखेच्या डब्यात पुरायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झाकण उघडायचं नाही. काच सावकाश निवली नाही तर मनात धरते, असं बारकी म्हणायची. वरून काही दिसत नाही. मग आठ-पंधरा दिवसांनी खणात पडल्या पडल्या तडकते, कुणी बोटही लावलेलं नसताना. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे बाहुली मोडली की लोक फेकून देतात. परदेशात मात्र म्हाताऱ्या बाहुल्या दुरुस्त करणारी माणसं आहेत, आणि आमचं गिऱ्हाईक सगळं तिकडचं. त्यातली एक बाई तर बाहुल्यांचा दवाखानाच चालवते. तिला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणायचो. तिची पत्रं माझ्या फोनवर यायची, कारण तिकडची भाषा घरात मला एकटीला येते. लग्नाआधी पाच वर्षं मी पार्सलच्या काउंटरवर होते. भाषा तिथे शिकले आणि पाकीट बांधणंही तिथेच.

लोकांना वाटतं, जास्त कापूस कोंबला की वस्तू सांभाळून जाते. डोंबल. कापूस कोंबला की पाकीट फुगतं, आणि दोन सेंटीमीटरच्या वर गेलं की ते पत्र राहत नाही, पार्सल होतं, भाडं चौपट. वस्तू चिमूटभर आणि भाडं वस्तूपेक्षा जास्त, असं झालं तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून माझी पद्धत अशी: जाड कार्डाला डोळ्याच्या मापाची भोकं पाडायची, प्रत्येक डोळ्याला त्याचं स्वतःचं भोक, वरखाली लोकरी कापडाचा एकेक पातळ तुकडा, आणि दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा. काचेला काच लागता कामा नये. पाकीट वाकता कामा नये, कारण पत्रं यंत्राच्या रुळांमधून दाबून जातात. एका पाकिटात पाच जोड्या, जास्त नाही. मोठी मागणी असली तरी सगळी पाकिटं एका दिवशी टाकायची नाहीत. कस्टमच्या फॉर्मवर 'डोळे' लिहायचं नाही. एकदा लिहिलं होतं, तर पाकीट महिनाभर कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर पडून राहिलं. तेव्हापासून 'बाहुलीचे सुटे भाग' लिहिते.

पाकीट बांधून झालं की मी बारकीच्या हातात द्यायची. ती ते कानाशी धरून हलवायची. डोळे मिटून, श्वास रोखून, जसा काही आतून कुणी निरोप देणार आहे. मग म्हणायची, "वाजत नाही." मग मी तिकीट लावायची. सहा वर्षांत एक डोळा फुटला नाही. कुणी आलं-गेलं की बारकी आवर्जून सांगायची, वहिनीच्या हातचं पाकीट फुटत नाही. तिचा त्यावर देवावर ठेवावा तसा विश्वास होता.

आता सासूबाईंचं सांगते, म्हणजे सगळं कळेल. सासूबाई त्याच मधल्या खोलीत चार वर्षं पलंगावर आहेत. कमरेखाली सगळं गेलं. बोलणं शाबूत, जीभ तर पहिल्यासारखीच, पण स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर तीन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. पुसणं, भांडं देणं, चादरी बदलणं, सगळं बारकी करायची. बत्तीवरून उठायची, आईला वळवायची, हात धुऊन परत बत्तीवर बसायची. मी स्वयंपाक, बाजार आणि पाकिटं बघायची. नवरा ऑफिसला जायचा आणि ऑफिसातून यायचा. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा मी पहिल्याच वर्षी सोडली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि डॉक्टरीणबाईचं ते पत्र आलं.

एका संग्रहालयाने तिला चाळीस जुन्या बाहुल्या दुरुस्तीला दाखवल्या होत्या. चाळीस जोड्या, निळ्याच्या पाच छटांत. त्या वेळेत आणि नीट पोचल्या की काम पक्कं होणार होतं, पुढे वर्षानुवर्षं पुरेल एवढं. आणि काम पक्कं झालं की ती बारकीला तिकडे बोलावणार होती. दुकानाच्या वर खोली होती, खिडकी उत्तरेची. कागदपत्रांचं सगळं ती बघणार होती. शेवटी लिहिलं होतं, अशी माणसं आता उरली नाहीत, तुमची जागा इथे आहे.

मी वाचून दाखवलं. बारकीने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग ती राखेच्या डब्यावर हात ठेवून रडली, आणि रडता रडता हसली. नवरा म्हणाला, जा की, आम्ही आहोत. आम्ही म्हणजे कोण, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सासूबाई छताकडे बघत होत्या.

मला पहिल्या दिवशी बरंच वाटलं होतं, खोटं का बोलू. दुसऱ्या दिवसापासून पोटात दुखायला लागलं. सतरा वर्षं मी या घरात आहे. मला कुणी कधी कुठे बोलावलं नाही. माझ्या पाकिटांच्या जिवावर हिचे डोळे जगभर फिरले, आणि पत्रात माझं नावही नाही. असू दे, तेही गिळलं असतं. पण ही गेली की या बाईला वळवायचं कुणी? पुढची दहा वर्षं, पंधरा वर्षं? सासूबाईंची तब्येत कमरेच्या वर ठणठणीत आहे.

बारकी महिनाभर बत्तीवर होती. चाळीस जोड्या झाल्या, एकीला नाव ठेवायला जागा नाही. मी आठ पाकिटांचं सामान मांडलं. पहिलं पाकीट मी तिच्यासमोर बांधलं, नेहमीसारखं, भोकाच्या कार्डासकट. ती शेजारी बसून गुणगुणत होती. आणि मग तिने पिशवीतून एक कागद काढला. सुवाच्य अक्षरात यादी लिहिली होती, आणि वर मथळा, 'वहिनीसाठी'. आईला दर तीन तासांनी वळवणे. आधी डावी कूस, मग पाठ, मग उजवी. पाणी कोमट. पावडर कुठे, चादरी कुठे. एकोणीस कलमं. ती उठली आणि पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर कागद चिकटवला, चारही कोपऱ्यांना टेप लावून.

"मी गेल्यावर विसरू नकोस हं," ती म्हणाली, "नाहीतर आईला जखमा होतील."

लाडाने म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. मला कुणी विचारलं नव्हतं, करशील का म्हणून. सरळ नेमणूक झाली होती, लेखी.

ती डिंक आणायला दुकानात गेली. तेवढ्यात मी बाकीच्या सात पाकिटांतली भोकाची कार्डं काढून टाकली. डोळे एकाला एक चिकटून ओळीत ठेवले, काचेला काच लागेल असे, वरून लोकरी कापड इतकं घट्ट गुंडाळलं की हलायला जागा नाही. हललं नाही की वाजत नाही. कडक पुठ्ठ्यांच्या जागी बिस्किटांच्या खोक्याचे मऊ पुठ्ठे घातले. हातात घेतलं तर काही कळत नाही. रुळांत वाकलं की मात्र आतल्या आत खलास.

तिसरं पाकीट बांधताना मान वर केली तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. सहा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर मी पाकिटं बांधली होती. चार वर्षं तर त्यांना बघायला दुसरं काही नव्हतंच. भोकाची कार्डं माझ्या मांडीशी पडली होती, त्यांनी ती पाहिली. माझे हात थांबले. मला वाटलं, आता ही ओरडणार, पोटची पोर आहे तिची.

"दार लोटून घे," सासूबाई म्हणाल्या. "येईल ती."

मी दार लोटलं आणि उरलेली पाकिटं बांधली.

बारकीने एकेक पाकीट कानाशी धरलं. आठही वेळा तेच म्हणाली, वाजत नाही. आठव्या पाकिटाचा तर तिने मुका घेतला. वेगवेगळ्या दिवशी टाकायचा माझाच नियम मी मोडला आणि सगळी एकदमच टाकली. बारकीने विचारलं तर म्हटलं, तारीख जवळ आलीये. तिला पटलं. माझं बोलणं तिला नेहमीच पटायचं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सोबत फोटो. पहिलं पाकीट शाबूत, बाकी सात पाकिटांतला निळा-पांढरा चुरा एका ताटात ओतलेला. डॉक्टरीणबाईने लिहिलं होतं, मला फार वाईट वाटतंय, काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. मी अक्षर न बदलता वाचून दाखवलं. खोटं बोलायची गरजच नव्हती.

बारकीने फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा करून चुरा निरखत बसली. नवरा म्हणाला, पोस्टवाल्यांनी आपटली असतील, नुकसानभरपाई मागा. बारकी मानेनेच नाही म्हणाली. सहा वर्षं आपटतायत, म्हणाली, कधी फुटलं नाही, वहिनीचं पाकीट आहे ते. मग म्हणाली, "काच कच्ची होती."

तिने हिशोब लावला होता. पहिल्या पाकिटातल्या जोड्या पहिल्या आठवड्यातल्या. त्यानंतर एकदा, डबा गरम असतानाच, आईने घाईची हाक मारली होती. ती गडबडीत उठली आणि डब्याचं झाकण कोपराने सरकलं. तिला वाटलं होतं की लगेच बसवलं. बहुतेक नसेल बसवलं. बहुतेक पुढेही असंच झालं असेल, आईच्या हाका काय कमी असतात? गार वारा लागला, काचेने मनात धरलं, आणि वाटेत कुठेतरी तडकली.

मग ती माझ्याकडे वळली. तिला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं, एवढंच.

"तसंच झालं असेल ना गं वहिनी?"

बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. जीभ टाळूला चिकटली होती असं काही नाही. मी विचार केला आणि म्हटलं, "असेल. तुला जास्त कळतं."

बारकी पलंगापाशी जाऊन उभी राहिली. आईला म्हणाली, तू हाक मारलीस म्हणून. मोठ्याने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. सासूबाई एरवी एका शब्दाला दहा ऐकवायच्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि भिंतीवरच्या यादीकडे बघत राहिल्या. सासूबाई आणि मी तेव्हापासून एकमेकींच्या नजरेला नजर देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकीने खण उपसले. तयार जोड्या शंभरावर होत्या, डबीडबीत, रंगाप्रमाणे. अंगणात जुनी चादर अंथरून हातोडी घेऊन बसली. मी म्हटलं, अगं, सगळ्याच कशा कच्च्या असतील? ती म्हणाली, कुठली कच्ची ते मला ओळखता आलं नाही, हेच तर झालंय ना? पोरांच्या हातात बाहुली असते, तिथे डोळा तडकला तर? असला माल मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही. ती रागावली नव्हती. जोडी ठेवायची, वरून चादर दुमडायची, एक घाव. पुढची जोडी. तुकडे उडू नयेत म्हणून चादरीचं टोक मी धरलं होतं. शंभर जोड्या फोडायला तास-सव्वा तास लागतो.

आठवड्याने डॉक्टरीणबाईचं दुसरं पत्र आलं. मी भाजी घेत उभी होते, तिथेच वाचलं. तिने तुकडे काचेच्या एका जाणकाराला दाखवले होते. काच उत्तम, त्याने म्हटलं होतं, निववलीय तर इतकी छान की त्याने स्वतः शिकायला यावं. चूक पॅकिंगची. शाबूत आलेल्या पाकिटात भोकाचं कार्ड होतं, इतर सातांत नव्हतं, दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. संग्रहालयाने दोन महिने वाढवून दिले होते. पुन्हा चाळीस पाठवा, या वेळी टणक डब्यात, भाडं माझ्याकडे, आणि खोली अजून रिकामी आहे.

मी पत्र दोनदा वाचलं. मग तिथेच उभ्या उभ्या उत्तर लिहिलं: बारकीने काम सोडलं, हात थरथरतात, आपले आभार. घरी येऊन बारकीला सांगितलं की तिला दुसरं कुणीतरी मिळालं. बारकी म्हणाली, बरं झालं, तिचं काम अडायला नको. मी पत्र पुसून टाकलं, फोटोंसकट.

मला वाटलं होतं, आता घडी बसेल. बारकी घरात राहील, आईला वळवेल, हळूहळू पुन्हा बत्ती पेटवेल, मी पाकिटं बांधेन. पण तिने बत्ती पेटवली नाही. सासूबाईंना वळवायची, पण कशी? पोतं वळवावं तशी. पूर्वी मानेखाली हात घालायची, आता खांद्याला धरून ओढायची. सासूबाई हूं की चूं करत नव्हत्या. महिन्याभराने बारकी म्हणाली, वहिनी, कांड्या विकून टाक, मला बघवत नाहीत.

गिऱ्हाईक परदेशातच मिळालं, नुकतं काम शिकणारी एक मुलगी. चौसष्ट कांड्या, हातभर लांब, काडीसारख्या बारीक. पाठवायला याहून वाईट वस्तू नाही. मी नळाच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे आणले, फुकट मिळतात. प्रत्येक कांडी कागदाच्या नळीत, आठ-आठ नळ्या एका पाइपात, दोन्ही टोकांना लोकरी कापडाची बुचं, वरून टोपणं. एक पाइप जिन्यावरून खाली टाकून पाहिला. उघडला, एक कांडी दुखावली नव्हती. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि भाडंही निम्म्यात बसलं. बारकीने आठही पाइप कानाशी धरून हलवले. वाजत नाही, म्हणाली.

त्या मुलीचं उत्तर परवा सकाळी आलं. बारकी दारात चपला घालत होती. डोळ्यांचे पैसे बंद झाल्यावर घर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागेना, तेव्हा बारकीच म्हणाली, मी नोकरी धरते, म्हणून माझ्या जुन्या पार्सलच्या काउंटरवर ओळखीने मी तिला चिकटवून दिलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. परवा तिचा पहिला दिवस होता.

मी वाचून दाखवलं. चौसष्टच्या चौसष्ट शाबूत, असं पॅकिंग जन्मात पाहिलं नाही.

बारकी हसली. किती दिवसांनी हसली.

"बघ," ती म्हणाली. "माझ्या मनात मधूनच यायचं, पाकिटात तर काही झालं नसेल? तुझ्यावर उगाच शंका घेतली गं वहिनी. माझीच काच."

माझ्या हातावर हात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. तिची पावलं जिन्यावरून ऐकू येईनाशी होईपर्यंत मी उभी राहिले. मग आतून हाक आली. बारकीला नाही, मला.

मधल्या खोलीत गेले. खिडकीखालचं टेबल रिकामं होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं, आणि यादीत लिहिल्याप्रमाणे आधी डाव्या कुशीवर वळवायला त्यांच्या मानेखाली हात घातला.